क्लीनरची सीट

माझ्या लायसनवर आता एक नोंद जास्त आहे. घातक माल नेणारी गाडी चालवायची परवानगी. तिच्यासाठी तीन दिवसांचा क्लास करावा लागला, लेखी परीक्षा द्यावी लागली, चष्मा लागला आणि घरात पोरीची बोलणी खावी लागली. 46 वर्षांचा माणूस बाकावर बसला की गुडघे कुठं ठेवायचे हाच पहिला प्रश्न पडतो. अभ्यास नंतर.

मी मूळचा जुन्नर तालुक्यातला. दहावीला गणितानं अडवलं आणि 1999 साली नारायणगावच्या टोमॅटोच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढलो. संध्याकाळी क्रेट भरायचे, रात्रभर प्रवास, पहाटे वाशी मार्केट. त्या गाडीचा ड्रायव्हर माझा वस्ताद. त्यानं मला गाडी शिकवली असं म्हणता येणार नाही. शिकवतोय असं तो कधी म्हणालाच नाही. दोन वर्षं काच पुसली, स्टेपनी उतरवली-चढवली, चहा आणला. दर थांब्याला हातात टामी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन सगळ्या टायरांवर एकेक ठोका मारायचा आणि ऐकायचं. हवा पुरेशी असेल तर टामी उडून परत येते आणि आवाज टण्ण येतो. कमी असेल तर बद्द. मागच्या जोडीतला आतला टायर डोळ्यांना कधी कळत नाही, कारण बाहेरचा त्याचं वजन उचलून धरतो. तो कानालाच कळतो. "डोळे झोपले तरी चालतील, कान झोपता कामा नयेत," एवढं एकच वाक्य वस्ताद बोलल्याचं आठवतं, आणि तेही शिवी घालून.

क्लीनरची सीट म्हणजे डावी बाजू. डावीकडून कोण घुसतंय, मागं घेताना किती जागा आहे, हे सगळं त्यानं बघायचं. दारावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. आमच्या पिढीच्या ड्रायव्हरांची शाळा म्हणजे ही सीट. फी नाही, सर्टिफिकेट नाही, मार मात्र होता.

ही शाळा बंद कधी झाली हे नीट सांगता येत नाही, कारण कुणी टाळं ठोकलं नाही. मालकांना एका माणसाचा पगार आणि जेवण जड व्हायला लागलं. रस्ता विचारायचं काम मोबाइलनं घेतलं, गाडी कुठं पोचली हे मालकाला कळवायचं काम जीपीएसनं. टोलच्या खिडकीशी पळायचं काम फास्टॅगनं घेतलं. 2021 मध्ये तो सक्तीचा झाला तेव्हा आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये दोनच क्लीनर उरले होते, पुढच्या वर्षी एकही नाही. ड्रायव्हरची नोकरी यंत्र खाणार, अशी चर्चा आता सगळीकडे ऐकू येते. आमच्या केबिनमधल्या दोन माणसांपैकी एक त्यानं आधीच खाल्लाय, तेव्हा मात्र कुणी चर्चा केली नाही. क्लीनरसाठी कोण करतंय?

डावी बाजू बघायचं काम तेवढं कुठल्याच यंत्रानं घेतलं नाही. ते माझ्याकडे आलं.

दोन वर्षांपूर्वी मालकानं कंटेनरच्या डॅशबोर्डवर कॅमेरा बसवला. तोंड माझ्याकडे. जांभई दिली की पीप, मोबाइल घेतला की पीप, समोरून नजर हटली की पीप, आणि प्रत्येक पीप ऑफिसात दिसते. एके दिवशी कात्रजचा नवा बोगदा उतरून नवले पुलाकडे येत होतो. डावीकडे एक दुचाकीवाला, मागं बाई, बाईच्या मांडीवर पोर. एकदा आरशात दिसतोय, एकदा गायब होतोय. मी मान वळवून वळवून बघत होतो. पुढं वारज्याला थांबलो तर ऑफिसातून पोरीचा फोन.

"काका, तीन अलर्ट आलेत तुमचे. लक्ष विचलित."

"अगं, डावीकडे गाडी होती. आरशात बघत होतो."

"हो काका, पण सिस्टिमला ते समोरून नजर हटली असंच दिसतं."

"मग बघू नको का?"

ती बिचारी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बघा काका, पण जरा लवकर बघा."

मला हसावं की रडावं कळेना. पोरगी वाईट नव्हती. तिच्यासमोर स्क्रीनवर पन्नास गाड्या असतील, त्यातल्या एकीत तरी ती बसली असेल का, कुणास ठाऊक. क्लीनर काढला म्हणून मला डावीकडे बघावं लागतं, आणि डावीकडे बघितलं म्हणून क्लीनरच्या जागी बसवलेली वस्तू माझी तक्रार करते. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. सातारा-कऱ्हाडच्या मध्ये एकदा पहाटे माझा डोळा लागला होता, ते पुढं सांगतोच. पण त्या फोननंतर टँकरचा विचार डोक्यात घोळायला लागला. चाकण ते चेन्नई अशा फेऱ्यांत महिन्यातले वीस दिवस बाहेर जायचे. लोणी काळभोरच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरून पंपांवर नेणारी गाडी मिळाली तर रात्री घरी. एका टँकरमालकाशी बोलणं झालं. तो म्हणाला, "हॅझार्डसचं करून घ्या, मग या."

तर ते करून घेणं म्हणजे असं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 9 सांगतो, की ज्वालाग्राही, विषारी, स्फोटक असला माल नेणाऱ्याला ट्रान्सपोर्ट लायसन असून भागत नाही. तीन दिवसांचं प्रशिक्षण पास झाल्याचा दाखला हवा, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, मग आरटीओ लायसनवर नोंद करणार. साधं ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षं चालतं, या नोंदीचं तीनच. पुढच्या वेळी एक दिवसाची उजळणी. एजंटानं सगळं 'बसल्या जागी' करून देतो म्हणून रक्कम सांगितली. माझ्या एका दोस्तानं तसंच केलंय, क्लासचं तोंड न बघता. मीही तेच करणार होतो. पोरगी अकरावीत आहे, ती म्हणाली, "पप्पा, पेट्रोलचा टँकर आहे ना? मग एजंटला विचारा, आग लागल्यावर तोच येणार आहे का." तिची आई हसली आणि विषय संपला.

आधी मेडिकल. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. खालून तिसऱ्या ओळीलाच मी अडकलो. "सातारा, कोल्हापूर, बेंगळुरू असे बोर्ड कसे वाचता?" त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर मी ते वाचतच नव्हतो. सातारा लहान दिसतं, कोल्हापूर लांब दिसतं. आकारावरून चाललं होतं. चष्मा लावून पहिल्यांदा नाशिक फाट्याच्या पुलावरून खाली बघितलं, तर बसच्या काचेवरचा नंबर दिसत होता. किती वर्षं आपण धुरकट पुण्यात गाडी हाकली, या विचारानं अंगावर काटा आला.

क्लासचं सांगतो. नाशिक फाट्याजवळ सीआयआरटी आहे, रस्ते वाहतुकीचं प्रशिक्षण देणारी 1967 पासूनची संस्था. तिथल्या ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटच्या ट्रॅकवर पुण्यातल्या चारचाकीच्या लायसनची टेस्ट होते आणि पास-नापास सेन्सर ठरवतात. आमचा जमाना वेगळा. साहेब शेजारी बसायचे आणि 'घे वळवून' म्हणायचे. मला बॅच मिळाली ती दुसऱ्या एका मान्यताप्राप्त संस्थेत. तीसएक जण. बीडचे दोघं, एक सोलापूरचा गॅसवाला, यूपीचे चौघं, दौंडचे, शिरूरचे, आणि लातूरचा एक चोवीस वर्षांचा पोरगा, ज्याच्या बुटाला लेस होती. बाकी आम्ही सगळे चपलेवर. सरांनी सकाळी पहिल्यांदा चपलाच बघितल्या. "क्लच दाबताना चप्पल निघाली तर गाडी थांबवून घालता का?" दुसऱ्या दिवशी अर्धे बूट घालून आले.

सर पूर्वी एसटीत होते. त्यांनी विचारलं, गाडी कुणाकडून शिकलात? वस्ताद, मामा, चुलता, वस्ताद, भाऊ, वस्ताद. लातूरचा म्हणाला, "सर, ड्रायव्हिंग स्कूल आणि यूट्यूब." सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "याला निदान कुठून शिकला ते सांगता तरी येतं. तुमच्या वस्तादाला कुणी शिकवलं?"

पहिला दिवस बराचसा न्यूट्रलवर, म्हणजे उतारावर गिअर काढून गाडी सोडून देण्यावर, गेला. फळ्यावर त्यांनी एक तिरकी रेघ मारली, वर बोगदा, खाली नवले पूल. पुण्यात वेगळं काही सांगायची गरजच पडत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका टँकरनं एकामागून एक किती गाड्या उडवल्या होत्या, आणि 13 नोव्हेंबर 2025 ला तिथंच कंटेनरच्या धडकेत कार दोन अवजड गाड्यांच्या मध्ये सापडून पेटली होती. आमची बॅच त्यानंतरच्या महिन्यातली, त्यामुळे वर्गात सगळे गप्प होते.

"न्यूट्रल कोण कोण मारतं? खरं सांगा, इथं आरटीओ नाही."

आधी कुणाचाच हात वर नाही. मग बीडच्या एका काकांचा. मग माझा. मग जवळजवळ सगळ्यांचे.

का मारतो तेही सांगतो. मालक डिझेल ॲव्हरेजवर देतो. अमुक किलोमीटरला अमुक लिटर. त्यातून वाचलं तर ते तुमचं, कमी पडलं तर तुमच्या खिशातून. मग उतार दिसला की हात आपोआप गिअरकडे जातो. वीस वर्षं मी तो उतार न्यूट्रलमध्ये उतरलो आणि खाली पोचल्यावर दोन कप चहाचे पैसे सुटले असं समजत आलो.

सर म्हणाले, जुन्या पंपाच्या गाडीत डिझेल वाचत असेलही. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की कॉम्प्युटर डिझेल तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात. तुम्ही न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही वाचवत नाही, जाळताय. आणि वरून इंजिनाचा अडसर काढून सगळं वजन ब्रेकवर टाकताय. ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होतो, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. कुणी तर इंजिनच बंद करतं. मग ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, स्टेअरिंग जड. "ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

वर्गात एवढी शांतता मी नंतर बघितली नाही. चाळीस हजार किलोमीटरला नवी टायरं मागणारी माणसं आम्ही, आम्हाला गाडीतलं सगळं कळतं असं वाटायचं. बीडचे काका जेवताना म्हणाले, "आपल्याला हे वीस वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही?" मी विचार करत होतो, की वस्तादानं जे शिकवलं ते त्याच्या गाडीच्या डिझेलपुरतं बरोबर असेलही. गाडी बदलली तेव्हा वस्ताद नव्हता, आणि ज्यानं नवी गाडी विकली त्यानं चावीबरोबर एक पेढ्याचा बॉक्स दिला.

दुसऱ्या दिवशी झोप. सरांनी आम्हाला मैदानात नेलं आणि पन्नास मीटर चालायला लावलं. पावलं मोजत सगळे गेले, वळून बघितलं तर सर केवढेसे दिसत होते. साठच्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी एवढं अंतर बिनड्रायव्हरची जाते. मला साताऱ्याच्या पुढची ती पहाट आठवली. चार-साडेचारची वेळ. मला आठवतो तो दुभाजकाच्या कण्हेरीचा अंगावर येणारा हिरवा रंग, आणि क्लीनरचा आवाज. त्यानं मला शिवी दिली होती, मला, वस्तादाला. पुढच्या ढाब्यावर मी त्याला आम्लेट खायला घातलं, आणि दोघांनीही मालकाला काही सांगितलं नाही. 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती, असं सरांनी सांगितलं तेव्हा मैदानात हशा पिकला. त्या तीन दिवसांतला हा सगळ्यात मोठा हशा.

मग बाटली. टेबलावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली, पुढं ढकलली आणि हातानं अडवली. बाटली थांबली. आतलं पाणी पुढं जाऊन आदळलं आणि बाटली पुन्हा दोन बोटं सरकली. काठोकाठ भरलेली बाटली अडवली की तिथंच थांबली. टँकरचं हेच. अर्धा रिकामा झालेला टँकर भरलेल्यापेक्षा वाईट वागतो. आतले पडदे लाटेचा जोर मोडतात, पण संपवत नाहीत. वळणावर तीच लाट बाजूला जाते आणि गाडी आडवी करते. ही बाटली मी घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर तीनदा करून दाखवली. तिसऱ्यांदा ती पिठाच्या डब्यावर सांडली.

आग विझवायच्या वेळी माझी शोभा झाली. लोखंडी ट्रेमध्ये डिझेल, वर थोडं पेट्रोल. सरांनी मूठभर माती वर उडवून वारा बघितला. पाठ वाऱ्याकडे, पावडर ज्वाळेवर नाही तर बुडाशी, झाडू मारल्यासारखी. मी ऐटीत सिलिंडर उचलला आणि जीव खाऊन मूठ दाबली. काहीच नाही. परत दाबली. पिन काढायचीच विसरलो होतो. बावीस वर्षं केबिनमध्ये लाल सिलिंडर घेऊन फिरलो, पासिंगला दाखवला, त्यावर टॉवेल वाळत घातला. उघडला कधीच नव्हता.

चहाच्या सुट्टीत लातूरच्या पोरानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत टेक्सास राज्यात डॅलस ते ह्यूस्टन मालाचा ट्रक चाललाय, स्टेअरिंग आपोआप फिरतंय, सीट रिकामी. ऑरोरा नावाच्या कंपनीनं हे 2025 च्या एप्रिलअखेर सुरू केलं होतं. थोड्याच दिवसांत ट्रक बनवणाऱ्याच्या सांगण्यावरून सीटवर परत माणूस बसवला, नुसता बघायला. यूपीवाला म्हणाला, "इसको बोलो चाकण चौक निकाल के दिखाए." सगळ्यांना बरं वाटलं. गडकरी साहेबांनीही सांगून ठेवलंय, की ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल म्हणून बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही.

मला मात्र त्या बरं वाटण्यात काही दम दिसला नाही. त्या ट्रकला चाकण चौक काढायचाच नाहीये. तो मोकळ्या रस्त्यावर एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत जातो. आपल्याकडे 701 किलोमीटरचा समृद्धी 2025 च्या जूनमध्ये पुरता उघडला. दोन्ही बाजूंना कुंपण, ना सिग्नल ना चौक, सरळ जाऊन जाऊन माणसालाच झोप येते. उद्या कुणी यंत्र आणलंच तर ते असल्या रस्त्यावर येईल, आणि शेवटचे दहा किलोमीटर, चाकण, मोशी, शिक्रापूर, जिथं जीव नकोसा होतो तेवढे, रोजंदारीवर माणसाकडून करून घेतील. चांगला रस्ता यंत्राला, वाईट रस्ता आपल्याला. मी हे बोललो तर लातूरचा म्हणाला, "काका, तोपर्यंत तुम्ही रिटायर." "आणि तू?" म्हटलं. त्यानं मोबाइल खिशात टाकला.

त्याची गाडी ऑटोमॅटिक गिअरची आहे, एसी केबिनची. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय, आणि याबद्दल मला खरोखर आनंद आहे. मे महिन्यात इंजिनाच्या वर बसून सोलापूर रोड केलेल्या माणसालाच त्याची किंमत कळेल. या पोराला गिअर टाकता येत नाही म्हणून जुने लोक हसत होते. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. कंपनीनं त्याला चार तास गाडी दाखवली आणि चौथ्या दिवशी एकट्याला नाशिकला पाठवलं. मी दोन वर्षं डाव्या सीटवर होतो. तो चार तास. घाटात काय करायचं हे त्यानं कुणाला विचारायचं, कॅमेऱ्याला?

तिथंच एक स्टीलवाला होता, कॉइल म्हणजे पत्र्याचं भेंडोळं नेणारा, आता गॅसच्या गाडीवर जाणार होता. त्यानं सरांना सरळ विचारलं, "पेट्रोलला तीन दिवस क्लास. माझ्या मागं वीस टनांची कॉइल असते, साखळी तुटली की केबिन फोडून पुढं येते. त्याला किती दिवस?" सर म्हणाले, "त्याला काही नाही." "का?" "ती पेटत नाही म्हणून असेल." मग तेच म्हणाले, की हे उत्तर त्यांनाही पटत नाही.

तिसरा दिवस वाचनाचा. टँकरच्या मागं-बाजूला तो चौकटींचा बोर्ड असतो ना, तो मी इतकी वर्षं बघत आलो. वर 3वायई, खाली 1203. मला वाटायचं डेपोचा काही नंबर असेल. 1203 म्हणजे पेट्रोल. जगभर तोच नंबर. डिझेल 1202, एलपीजी 1075, क्लोरीन 1017, अमोनिया 1005. वरचा आकडा अग्निशमनवाल्यांसाठी. 2 म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, 3 म्हणजे फोम, 4 म्हणजे पाणी अजिबात नाही. शेवटी ई असेल तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. त्या एवढ्याशा चौकटीत एवढं लिहिलेलं आहे आणि त्याच्या मागं आम्ही हॉर्न वाजवत उभे असतो.

ट्रेम कार्ड म्हणजे माल काय आहे, सांडला तर काय करायचं, याचा कागद. तो केबिनमध्ये ठेवणं ड्रायव्हरची जबाबदारी. रात्री पोरीनं तो माझ्याकडून वाचून घेतला. फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. मग इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं, असं मी ठामपणे सांगितलं. करेक्ट आणि इनकरेक्ट, तसंच हेही.

"नाही पप्पा, दोन्हींचा अर्थ एकच."

"एकच कसा? इन लागलंय की."

"इंग्रजी आहे ते, त्याला काय विचारता. म्हणूनच तर आता बोर्डावर नुसतं फ्लेमेबल लिहितात."

जुन्या टँकरांवर मोठ्या अक्षरांत इनफ्लेमेबल लिहिलेलं असायचं. माझ्यासारखं किती जणांनी उलट वाचलं असेल!

सरांनी जून 2023 चं सांगितलं. एक्स्प्रेसवेवर कुणे पुलावर केमिकलचा टँकर उलटून पेटला आणि जळतं केमिकल पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. खालून जाणाऱ्या माणसांचा काय संबंध होता? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उताराकडे जाते, गटारात साठते. म्हणून गळती दिसली की गाडी खोलगट जागी थांबवायची नाही. मिथेनॉलची ज्योत तर दिवसा दिसतच नाही. आणि बघे, डबे घेऊन येणारे बघे, त्यांना लांब ठेवायचं. तेव्हा वर्गात तो जुना वाद निघालाच. अपघातानंतर थांबलं तर पब्लिक मारतं, पळालं तर नव्या कायद्यात दहा वर्षं. जानेवारी 2024 मध्ये त्यासाठीच चक्काजाम झाला होता, पुण्यात पंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि सरकारनं ते कलम तेव्हा बाजूला ठेवलं. सरांचं म्हणणं सरळ होतं. जमाव अंगावर आला तर तिथून निघा, पण 112 ला फोन करा, जवळचं पोलीस स्टेशन गाठा. पळणं आणि कळवायला जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बीडचे काका म्हणाले, "जमावाला कुठं माहीत?" याला सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

परीक्षेत मला तीसपैकी पंचवीस पडले. चुकलेल्यांतला एक प्रश्न आग विझवण्याच्या सिलिंडरवर होता. आरटीओचं काम अर्ज, फी, दाखला आणि दोन चकरांत झालं. जुन्या मालकानं त्या तीन दिवसांचा भत्ता कापला, हिशेबात 'गैरहजर' लिहून.

टँकरवर रुजू होऊन चार महिने झाले. इथंही कॅमेरा आहे, आणि टाकीचं कुलूपसुद्धा आता ऑफिसकडून कोड आल्याशिवाय उघडत नाही. पण नवा मालक हेल्परही देतो. म्हणजे माझ्या डावीकडे परत माणूस आहे. यवतचं एकोणीस वर्षांचं पोरगं, बारावी पास, कानात सतत काहीतरी घातलेलं. पहिल्या दिवशी त्यानं मला "सर" म्हटलं. म्हटलं, काका म्हण. दिवेघाट उतरताना मी गिअर का पाडला ते त्याला बोलून सांगतो. मी वस्ताद झालो तर बोलणारा होईन, असं क्लासमध्ये ठरवलं होतं.

परवा लोणीला डेपोच्या बाहेर रांगेत उभे होतो. पुढं बावीस गाड्या. त्याला टामी दिली, म्हटलं, ठोक आणि ऐक. तो कानातलं काढून खाली उतरला. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायचं म्हणाला. कर म्हटलं. मी केबिनमध्येच बसलो, काच खाली करून. टण्ण. टण्ण. मागं गेला. टण्ण, टण्ण. मग थांबला. परत ठोकला. परत.

"काका, हा आतला जरा वेगळा वाजतोय."

"कसा?"

"बद्द."

मी उतरलो. गेज लावला तर हवा बरीच कमी होती, आणि हात फिरवल्यावर खोबणीत खिळा लागला. रांगेत अजून अठरा गाड्या होत्या. जॅक काढ, म्हटलं, चाक खोलायला वेळ आहे.